नो रिस्पॉन्स

एक तक्रारीचा मेल लिहायला किती वेळ लागतो? मला चार मिनिटं लागली. त्यातली तीन तर विषयाच्या ओळीत काय लिहावं याचा विचार करण्यातच गेली.

जुलै २०२४ ची गोष्ट. पुण्यात धो धो पाऊस. एरंडवण्यातल्या एका शेअर्ड ऑफिसमध्ये मी एक टेबल भाड्याने घेतलंय. फ्रीलान्स पत्रकार म्हटलं की लोकांना वाटतं, हिचं काय, लॅपटॉप उचलायचा आणि मस्त कॅफेत जाऊन बसायचं! अहो, पण रोज दोन कॉफ्या आणि एक सँडविच असा हिशेब लावला, तर महिनाअखेरीस हातात काय उरणार? म्हणून हे टेबल. एसी आहे, चहा आहे, आणि इंटरनेट आहे. म्हणजे, असायला हवं होतं.

कारण सकाळी अकरा वाजले की आमचं नेट आचके द्यायला लागायचं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठायचा. साधी फाइल वर चढवायची तर डबा खाऊन झाला तरी चढतेच आहे. दुपारी चार-साडेचारला सगळं आपोआप सुरळीत. त्या दिवशी मी एका डॉक्टरांची मुलाखत घेत होते. मोठ्या मुश्किलीने मिळालेला अर्धा तास. कॉल तीनदा तुटला. चौथ्यांदा त्यांनी उचललाच नाही. संध्याकाळी संपादकांचा मेसेज आला, ‘असू दे, दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.’ स्टोरी गेली, मानधन गेलं. डोकं फुल्ल आऊट!

मग मी तो मेल लिहिला. ऑफिस चालवणाऱ्या सरांना, आणि सीसीमध्ये ऑफिसातल्या बाविसच्या बावीस जणांना. त्यातलं एक वाक्य होतं, ‘नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यक्तीला आपल्या कामाचं गांभीर्य आहे असं वाटत नाही.’ वाक्य मला तेव्हा जाम आवडलं होतं.

तासाभरात सरांचं उत्तर आलं. सोबत राउटरच्या ट्रॅफिकचा ग्राफ. आपली लाइन २०० एमबीपीएसची आहे, दोन्ही बाजूंनी. ग्राफमध्ये अकरा ते चार या वेळात हिरवी रेघ ८५ च्या आसपास सपाट. सरांनी लिहिलं होतं, ‘लाइन अर्धीसुद्धा भरत नाहीये. म्हणजे प्रॉब्लेम आपल्या वायरिंगमध्ये आहे. संबंधितांशी बोलतो.’ खाली चार जणांचे अंगठे. मी जिंकले होते.

आता ‘संबंधित’ म्हणजे कोण, ते सांगते. बावीस वर्षांचा मुलगा. कराडकडचा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला. ऑफिसचं नेटवर्क, प्रिंटर, यूपीएस, आणि कुणाच्या लॅपटॉपवर चहा सांडला तर तोही, सगळं त्याच्याकडे. दोन दिवसांनी मी पाण्याची बाटली भरायला पॅन्ट्रीत गेले, तर हा पाठमोरा फोनवर बोलत होता. ‘नाय आई, हितलं संपलं बहुतेक. महिनाअखेरपर्यंतच हाय. बाबांना इतक्यात सांगू नको.’

बाटली भरून वाहायला लागली तरी मी नळाखालीच धरून उभी.

मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय बातमी छापायची नाही. आणि मी? मी बावीस वाचकांपर्यंत छापून मोकळी झाले होते! त्याला एक प्रश्नसुद्धा न विचारता.

संध्याकाळी त्याला गाठलं. ‘तू तेव्हा काहीच का बोलला नाहीस?’

तो म्हणाला, ‘ताई, केबल मी तीन वेळा टेस्ट केल्या. राउटरला थेट वायर लावून बघितली, तरी स्लोच. पण सरांच्या ग्राफपुढं माझं कोण ऐकणार? ग्राफ म्हणजे पुरावा.’

पुरावा! हा शब्द ऐकला की पत्रकाराचे कान टवकारतात. पुरावा म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला : तो दिला कुणी?

‘हा ग्राफ येतो कुठून?’

‘एसएनएमपीवरनं. पण ते आधीच्या व्हेंडरनं लावून ठेवलंय. मी कधी हात लावला नाही.’

इथे थोडं ज्ञानामृत पाजते, पळून जाऊ नका. एसएनएमपी म्हणजे सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. १९८८ पासून हा प्रकार आहे. राउटर, स्विच, प्रिंटर, सर्व्हर अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच पद्धतीने ‘काय रे, कसा आहेस?’ विचारायची ही सोय. यंत्रात बसलेला एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला एजंट म्हणतात, तो उत्तर देतो. प्रत्येक प्रश्नाला नंबर असतो, अगदी पोस्टाच्या पत्त्यासारखा. फक्त आपण पत्ता घर नंबरापासून देशाकडे लिहितो, हा उलटा, देशापासून घराकडे. १.३.६.१.२.१.१.३.० असं विचारलं की यंत्र सांगतं, मी किती वेळ जागा आहे. तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात!

आणि हे प्रश्न विचारायला पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. नेट-एसएनएमपी नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा संच आहे. त्याचं मूळ १९९२ च्या सुमाराचं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर तो वाढला आणि २००० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, बदलावा. डेटा जर्नलिझमच्या नादात मी लिनक्सच्या काळ्या खिडकीत थोडंफार टाइप करायला शिकले होतेच. आणि पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात एक जुना डबडा पीसी धूळ खात पडला होता.

‘आपण स्वतःच राउटरला विचारून बघूया?’ मी म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पीसीकडे. आणि फडकं आणायला गेला.

आधी सराव म्हणून त्या डबड्यावरच डेबियन टाकलं आणि नेट-एसएनएमपीचा एजंट चढवला. त्याच मशीनवरून विचारलं, झकास उत्तर आलं. माझ्या लॅपटॉपवरून विचारलं, तर कर्सर नुसताच लुकलुकतोय. एक, दोन, तीन... सहा सेकंदांनी एक ओळ उमटली : टाइमआउट, नो रिस्पॉन्स.

पहिली संध्याकाळ यातच गेली. फायरवॉल बघितली, केबल बदलली, एकमेकांवर चिडलो. शेवटी त्याने सेटिंगची फाइल वरपासून एकेक ओळ वाचायला घेतली. एजंट फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत होता. म्हणजे स्वतःच स्वतःशी बोलायचं, बाहेरच्याला दारच उघडायचं नाही. सुरक्षिततेसाठी डेबियनमध्ये तो तसाच येतो. आम्ही ओळ बदलली, उत्तर आलं. पण जेमतेम पानभर. नाव, पत्ता, किती वेळ जागा, बस्स. डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड यांचा पत्ताच नाही. पुन्हा फाइल. तिथे दुसरी मेख होती : परक्याला फक्त ओळखीपुरतीच माहिती दाखवायची, अशी मर्यादा घातलेली. तीही आम्ही वाढवली.

दुसऱ्या संध्याकाळी खऱ्या राउटरकडे वळलो. पुन्हा टाइमआउट.

एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘कम्युनिटी’ नावाचा परवलीचा शब्द असतो. पुष्कळ ठिकाणी तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. (तुमच्या ऑफिसात असेल तर आजच बदला. ही आवृत्ती तो शब्द तारेवरून उघडाच पाठवते. पक्की सुरक्षा हवी असेल तर तिसरी आवृत्ती आहे, तिचं प्रमाण रूप २००२ मध्येच ठरलंय.) आमच्या राउटरचा शब्द वेगळा होता. तो ग्राफच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सापडला. टाइप केला. टाइमआउट! पुन्हा केला. टाइमआउट! मग लक्षात आलं, पहिलं अक्षर कॅपिटल होतं.

या प्रकाराने मी खरंच चक्रावले. बँकेचं अॅप निदान ‘पासवर्ड चुकला’ असं तरी सांगतं. हा गडी काहीच सांगत नाही. राउटर बंद असला तरी शांतता, वायर तुटली असली तरी शांतता, शब्द चुकला तरी शांतताच. बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

‘ताई, मी पण तसलाच आहे,’ तो हसत म्हणाला. ‘सर चुकीचं काही बोलले की मी टाइमआउट.’

मी हसले नाही. कारण महिनाभर तो गप्प होता, आणि त्या गप्पपणाचा अर्थ मी ‘याला काही पडलेली नाही’ असा लावला होता.

असो. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी साडेबारा वाजता, नेट नेहमीप्रमाणे रांगत असताना आम्ही दोघं पॅन्ट्रीत पीसीसमोर बसलो. राउटरला एकच प्रश्न : आतापर्यंत बाहेर किती बाइट्स पाठवलेस? आकडा वहीत लिहिला. मोबाइलवर दहा सेकंद मोजले. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा आकडा. वजाबाकी केली. सुमारे २५ कोटी.

दहा सेकंदांत २५ कोटी, म्हणजे सेकंदाला अडीच कोटी बाइट्स. एका बाइटमध्ये आठ बिट्स. अडीच कोटी गुणिले आठ बरोबर वीस कोटी. म्हणजेच २०० एमबीपीएस.

आम्ही वहीकडे बघतच राहिलो. लाइन गच्च भरलेली होती! आणि त्याच क्षणी सरांच्या स्क्रीनवरचा ग्राफ शांतपणे सांगत होता, ८५.

एकच राउटर, तोच आकडा, आणि साक्षी दोन वेगळ्या. बातमीत असं झालं की समजायचं, मधल्या माणसाने काहीतरी गाळलंय. आम्ही ग्राफच्या प्रोग्रॅमची सेटिंग उघडली. तो दर पाच मिनिटांनी राउटरला विचारत होता, आणि विचारत होता एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत. ट्यूब पेटली ती त्या मुलाची. ‘ताई, व्हर्जन वनमध्ये बत्तीस बिटचाच काउंटर असतो ना?’

आता बत्तीस बिटचा काउंटर म्हणजे काय? आमच्या बाबांची जुनी बजाज स्कूटर आठवते. तिच्या मीटरमध्ये पाच आकडे होते. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढचा किलोमीटर शून्यावर. मीटर बिघडलेला नसतो, त्याच्याकडे सहावा आकडाच नसतो. बत्तीस बिटच्या काउंटरचंही तसंच. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला अडीच कोटींचा वेग असेल तर हा पूर्ण फेरा व्हायला तीन मिनिटंही लागत नाहीत. जेमतेम १७२ सेकंद. आणि आमचा प्रोग्रॅम विचारतोय ३०० सेकंदांनी! मधल्या वेळात एक अख्खा फेरा होऊन गेला, याचा त्याला थांगपत्ता नाही. तो बिचारा उरलेल्या फेऱ्याचाच हिशेब मांडतो. पाच मिनिटांच्या हिशेबात एक फेरा म्हणजे साधारण ११४.५ एमबीपीएस. २०० मधून ११४.५ वजा करा बरं.

८५.५.

वहीत हा आकडा उमटला तेव्हा तो मुलगा खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बाहेर पाऊस बघत उभा राहिला. राउटर खोटं बोलत नव्हता. ग्राफही आपल्या परीने बरोबरच होता. फक्त प्रश्न विचारायची पद्धत जुनी होती, आणि त्या पद्धतीपायी एका माणसाची नोकरी जाणार होती.

दुरुस्ती किती मोठी होती माहितीये? पहिल्या आवृत्तीऐवजी दुसरी लिहायची, आणि काउंटरचा पत्ता बदलून चौसष्ट बिटचा द्यायचा. चौसष्ट बिटचा आकडा पहिल्या आवृत्तीला कळतच नाही. दोन ओळींचं काम. दहा मिनिटांत ग्राफची रेघ उडी मारून २०० वर गेली आणि तिथेच चिकटली.

पण मग लाइन भरतंय कोण? आता आम्हाला चटकच लागली होती. स्विचच्या चोविसही पोर्टना तोच प्रश्न विचारला. तेवीस पोर्ट गरीब. एकोणीस नंबरचा सुसाट. त्याची केबल धरून आम्ही छताच्या कडेकडेने निघालो, ती थेट स्टोअररूममध्ये. तिथे एक काळा स्टोरेजचा डबा निळे दिवे लुकलुकवत बसला होता. सरांचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचाही धंदा आहे, त्याचं सगळं फुटेज त्यात. तिथून ते क्लाउडवर बॅकअपला जायचं. वेळ लावली होती ११:००. चोवीस तासांच्या घड्याळात रात्रीचे अकरा म्हणजे २३:००, हे लावणाऱ्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. आणि लावलं होतं खुद्द सरांनी.

आता आली का पंचाईत! मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी म्हटलं, मी बोलते. तो म्हणाला, ‘नको ताई, माझं काम आहे. तुम्ही फक्त सोबत या.’

सरांच्या केबिनमध्ये त्याने वही उघडली. स्कूटरचं मीटर, १७२ सेकंद, ११४.५, सगळं सांगितलं. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही. शेवटी तो म्हणाला, ‘आणि सर, बॅकअपची वेळ बघून घ्या एकदा.’ मी कोपऱ्यात गप्प उभी. ती घटना त्याची होती, माझी नव्हती.

सरांनी लॅपटॉपवर वेळ बघितली. मग चष्मा काढून पुसला. ‘अरे, हे तर मीच लावलं होतं,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने, ‘ते महिनाअखेरचं मी बोललो होतो ना, ते सोडून दे.’ बस्स, इतकंच. सॉरी वगैरे नाही. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नेट पाण्यासारखं वाहत होतं.

तो डबडा पीसी आम्ही नंतर बंद केला नाही. पुण्यात पावसाळ्यात वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी किती उरलीय हे कुणालाच कळत नाही, म्हणून मी दहा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. नेट-एसएनएमपीत ‘एक्स्टेंड’ नावाची सोय आहे. आपल्या स्क्रिप्टचा पत्ता सेटिंगमध्ये द्यायचा, की तिचं उत्तर एजंट जगाला सांगतो. हाताने चालवली तर स्क्रिप्ट आकडा देत होती, एजंटमार्फत विचारलं तर कोरं. दोन संध्याकाळी डोकं आपटलं. कारण निघालं साधं : एजंट माझ्या नावाने चालत नाही, तो वेगळ्या, कमी अधिकारांच्या खात्याने चालतो. त्या खात्याला यूपीएसच्या यूएसबीला हात लावायची परवानगीच नव्हती. परवानगी दिली, आकडा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेल्या कामाचं उत्तर एखाद्या यंत्राने दिलं. बायलाइन मिळाल्यावर होतो, तेवढाच आनंद झाला, शपथ!

एक काम मात्र राहिलं होतं. वर्तमानपत्रं चूक पहिल्या पानावर छापतात आणि खुलासा आतल्या पानावर, बारीक टायपात. मला तसं करायचं नव्हतं. त्याच बावीस जणांना, त्याच विषयाच्या ओळीखाली मी मेल लिहिला. चूक वायरिंगची नव्हती. ती कुणी शोधली, हे त्याचं नाव घेऊन लिहिलं. आणि माझं ते लाडकं वाक्य पुन्हा टाकून त्याखाली लिहिलं, ‘हे मी त्याच्याशी एकदाही न बोलता लिहिलं होतं. ते चूक होतं. माफ कर.’

या मेलला चाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी मी डबड्या पीसीला सहज सगळे प्रश्न एका दमात विचारले. यादीत चौथ्या नंबरला असतो या यंत्राचा संपर्क, म्हणजे बिघडलं तर कुणाला विचारायचं ते. एजंट चढवला तेव्हा तिथे सोबत आलेलं नमुन्याचं नाव तसंच होतं, आम्ही कधी बदललंच नव्हतं. आता कुणीतरी बदललं होतं. तिथे त्याचं पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट.